खंड पडला, मार्क पडले नाहीत



स्कॉलरशिपच्या फॉर्मात गॅपचा एक रकाना असतो. दोन बोटं रुंदीचा. या दोन बोटांत आमच्या वस्त्यांतली, तांड्यांतली, पाड्यांतली किती हुशार पोरं बुडाली याचा हिशेब कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. सरकारी मराठीत त्याला 'शिक्षणात खंड' म्हणतात. आमच्या म्हाताऱ्यांना खंड म्हटलं की जमिनीचा खंड आठवतो. जमीन दुसऱ्याची, घाम आपला, आणि सुगी झाली की मालकाला मोजून द्यायचा तो खंड. शिक्षणातला खंडही याच जातीचा आहे. वर्षभर राबायचं आपण, आणि राबलो म्हणून दंडही भरायचा आपणच.

प्रश्न साधा आहे. बारावीला चांगले मार्क पडले. घरची अडचण म्हणून एक वर्ष कॉलेजात जाता आलं नाही. दुसऱ्या वर्षी नाव घातलं. मार्कांनी कमावलेली स्कॉलरशिप राहिली की गेली? आणि गेली असेल, तर ती नेली कुणी?

हा अंक जुळवताना मी सेमाडोहला आहे. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून घटांगचा घाट, मग सिपना नदीच्या काठावर सेमाडोह. रस्ता पुढे हरिसालवरून धारणीला जातो. १९७३-७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला एक. पाहुण्यांना उतरायला सेमाडोहला वनखात्याचं संकुल आहे. वाघ मोजायला जंगलात कॅमेरे लावतात. बारावीनंतर किती कोरकू पोरं गळाली ते मोजायला कोणता कॅमेरा लावला?

कुणी विचारेल, गोदीतला हमाल मेळघाटात काय करतो? आपल्या पोरांनी इथे फॉर्म भरायचा वर्ग लावला, बोट नव्हती, आलो. कुणी असंही विचारेल की कोरकूंच्या गावात दलित चळवळीचं काय काम? त्याने १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून वाचावा. त्यात दलित म्हणजे एकटी अनुसूचित जात नाही. अनुसूचित जमाती आहेत, भूमिहीन आहेत, कामगार आहेत, बाया आहेत. ज्यांना हे विसरायचं असेल त्यांनी खुशाल विसरावं. आम्ही विसरणार नाही.

इथे एक पोरगी भेटली. नाव लिहीत नाही, तिचं नाव तिच्यापाशी राहू द्या. बारावी सायन्स, एक्याऐंशी टक्के. निकाल लागला त्या पावसाळ्यात बाप आजारी पडला. घरात हीच मोठी. आईसोबत घाट उतरून सपाटीवर गेली. आधी सोयाबीन सोंगलं, मग कापूस वेचला, मग संत्र्याच्या बागेत राबली. होळीला परत आली. मग मोहफुलं वेचली, मग तेंदूपत्ता तोडला. वर्ष सरलं, बाप उठून बसला, पोरीने जूनमध्ये बी.एस्सी.ला नाव घातलं. खिडकीवरच्या बाबूने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "गॅप हाये तुया. स्कॉलरशिप भेटत नाई."

पोरगी परत आली. मला म्हणाली, "दादा, मार्क तर तेच हायेत ना?"

या एका प्रश्नापुढे अख्खं शिक्षण खातं आणून उभं करा. सचिवापासून शिपायापर्यंत. सांगा म्हणावं, एक्याऐंशीचे किती झाले? कापूस वेचल्याने भौतिकशास्त्र किती टक्के कमी झालं?

आता नियम बघू. शिव्या नंतर देऊ, शिव्यांना मरण नाही.

पहिली गोष्ट भारत सरकारच्या पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिपची. १९४४ पासून ती चालू आहे. ही मार्कांची बक्षिसी नाही. जात किंवा जमात, आईबापाचं उत्पन्न आणि मान्य कोर्सला प्रवेश यांवर ती मिळते. अनुसूचित जातींसाठी २०२१ ची जी नियमावली आहे तिच्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. साध्या पदवीला होस्टेलवर राहणाऱ्याला वर्षाला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,००० रुपये निर्वाहाचे, शिवाय फी. महाराष्ट्रात हा फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर भरतात. तिथे लागणाऱ्या कागदांची यादी आहे: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आणि गॅप असेल तर गॅपचा कागद. नीट वाचा. गॅप असेल तर गॅपचा कागद. ज्याला गॅप चालतच नाही तो गॅपचा कागद कशाला मागेल? म्हणजे खिडकीवरचा बाबू एक तर खोटं बोलला, नाही तर त्याला त्याचंच काम येत नाही. पोरीच्या लेखी दोन्ही सारखंच. ती तर परत गेली.

दुसरी गोष्ट मेरिटच्या स्कॉलरशिपची. केंद्र सरकारची कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक मेरिट स्कॉलरशिप आहे. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत, ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांना ती मिळते. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या. पदवीची तीन वर्षं, वर्षाला १२,००० रुपये. पण नवा अर्ज त्याच वर्षी बारावी झालेल्याने करायचा. बोर्डाची यादी दर वर्षी नवी निघते, जुनी यादी मेली. विज्ञान शिकणाऱ्यांसाठी 'इन्स्पायर' आहे. बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असाल तर वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. तिथेही त्याच वर्षीची बारावी आणि त्याच वर्षी प्रवेश. इथे बाबू खोटं बोलत नाही. इथे नियमच दार लावून घेतो आणि आतून कडी घालतो.

आता त्या पोरीचा हिशेब मांडा. तिला दोन दारं होती. एक दार नियमाने लावलं, दुसरं बाबूने. एका वेळी एकाच दारातून जाता येतं हे खरं, दोन्ही स्कॉलरशिपा एकदम घेता येत नाहीत. पण कोणत्या दारातून जायचं हे ठरवायचा तिचा हक्क होता. तिला दोन्ही भिंती दाखवल्या.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. पोस्ट-मॅट्रिकच्या २०१० च्या नियमावलीत एक कलम होतं. स्कॉलरशिप चालू असलेला विद्यार्थी आजारपणाने किंवा आधी न कळणाऱ्या एखाद्या कारणाने वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर दाखला घेऊन त्याची स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू ठेवता येईल, असं. म्हणजे सरकारला आजारपण कळतं. संकट कळतं. पण कॉलेजच्या आत गेल्यावर आलेलं संकट कळतं, कॉलेजच्या उंबऱ्यावर आलेलं कळत नाही. उंबऱ्याच्या आत माणूस, उंबऱ्याच्या बाहेर गॅप. उंबऱ्याबाहेर उभं राहायची आमच्या बापजाद्यांना सवय होती. आम्हाला नाही.

कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यात जात कुठे आली?

चला, अकोल्याला जाऊ. नाही तर लातूरला. राजस्थानातल्या कोट्याला जाऊ. बारावी होऊन घरी बसलेल्या पोरांनी तिथले क्लासेस भरलेत. डॉक्टर व्हायचंय, इंजिनिअर व्हायचंय, पहिल्या खेपेला जमलं नाही, म्हणून बाप दुसऱ्यांदा पैसे मोजतो. त्यांच्या वर्षाला काय म्हणतात? खंड? छे! 'ड्रॉप' म्हणतात. 'रिपीटर बॅच' म्हणतात. त्याच्या जाहिराती चौकाचौकात लागतात. आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डचा नियम बघा: लागोपाठ दोन वर्षं बसता येतं. जेईई मेनला लागोपाठ तीन वर्षं. नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादाच नाही. म्हणजे पैसेवाल्याच्या पोराचं घरी बसलेलं वर्ष नियमात आधीच धरलेलं आहे. त्याला जागा आहे, त्याला मान आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाची मुलगी मालिया ओबामा २०१६ साली शाळा झाल्यावर एक वर्ष कॉलेजात गेली नाही, २०१७ साली हार्वर्डला गेली. हार्वर्ड तर आपल्या पोरांना स्वतःहून सांगतं की वर्षभर थांबा, जग बघा, मग या. त्यांची जागा राहते. त्या वर्षाला ते 'गॅप इयर' म्हणतात आणि मोठ्या कौतुकाने म्हणतात.

तेच बारा महिने. एक पोरगा खोलीत बसून तेच पुस्तक पुन्हा वाचतो, त्याचं नाव तयारी. दुसरा गोण्या उचलतो, त्याचं नाव खंड. एकीचं वर्ष जग बघण्यात जातं, ते शिक्षण. दुसरीचं वर्ष दुसऱ्याच्या वावरात कमरेत वाकून जातं, ती अपात्रता. वर्षाला जात नसते म्हणता? ही बघा वर्षाची जात.

गोदीतली गोष्ट सांगतो, कारण ती मला पुस्तकाशिवाय कळते. बोटीतून माल उतरला की आधी बघतात, नाशवंत आहे की टिकाऊ. फळं, भाजी यांची घाई. लोखंड मात्र शेडमध्ये पडू द्या, सहा महिन्यांनी उचला, लोखंडच राहतं. मार्क हा माल कोणता? लोखंड की केळी? जेईईवाल्याचे मार्क तीन वर्षं लोखंड आणि कोरकू पोरीचे मार्क तीन महिन्यांत केळी, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

मी मॅट्रिक आहे. माझ्या टोळीत माझ्याहून शिकलेले आहेत. एक बारावी कॉमर्सचा आहे, कागद अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय. एकाने बी.ए.चं पहिलं वर्ष अर्ध्यावर सोडलं. रात्रपाळीला क्रेनला स्लिंग बांधताना आम्ही कधी कधी हिशेब करतो, कुणाचं वर्ष कशात गेलं. बापाचं आजारपण. बहिणीचं लग्न. खोलीचं डिपॉझिट. कर्ज. एकाचंही वर्ष आळसात गेलेलं नाही. आळस करायला घरी खायला लागतं. आमचं वर्ष जातं ते मजुरीत, आणि मजुरी हे या देशातलं एकमेव असं काम आहे की जे केल्याचा दाखला मिळत नाही. एखाद्याच्या मामाच्या कंपनीत चार महिने खुर्चीवर बसा, 'अनुभव' म्हणून कागद मिळतो. वर्षभर हमाली करा, गॅप मिळतो.

आणि आता ज्यांना खंड म्हणजे कलंक वाटतो त्यांनी ऐकावं. बाबासाहेबांच्या शिक्षणात खंड आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना महिना पंचवीस रुपये दिले. १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. मुदत पुढे एक वर्षाने वाढली. १९१६ साली बाबासाहेब लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. १९१७ साली स्कॉलरशिप संपली. दिवाणांनी परत बोलावलं. अभ्यास अर्ध्यावर राहिला.

पण निघण्याआधी त्यांनी एक काम केलं. लंडन विद्यापीठाकडून परवानगी काढली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलो तर अभ्यास जिथे थांबला तिथून पुढे चालू करता येईल. मग आले. त्यांची पुस्तकं ज्या बोटीत होती ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. बडोद्याच्या कचेरीत शिपायांनी फायली लांबून टाकल्या. पारशी खानावळीतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

तीन वर्षांचा खंड. चार वर्षांची मुदत होती म्हणून तो खंड पचला. तिथे आमचा बाबू बसला असता तर म्हणाला असता, "गॅप हाये तुमचा, आंबेडकर." मग रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध कुठे गेला असता?

यातली दुसरी बाजूही विसरू नका. लंडनने जागा ठेवली, पण पैसा कुणी ठेवला नव्हता. पैसा बाबासाहेबांना पुन्हा माणसामाणसांकडून जमवावा लागला. जागा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज कॉलेजं गॅपवाल्याला जागा देतात, फी भरली की कोण नाही म्हणतो! पण स्कॉलरशिप काढून घेतली की ती जागा भिंतीवर रंगवलेल्या दारासारखी असते. डोकं आपटा, उघडत नाही.

१९४४ साल आठवा. याच वर्षी आपली पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, अस्पृश्यांच्या शिक्षणाला पैसा मिळावा म्हणून सरकारशी भांडत होते. त्याच वर्षी, २२ जून १९४४ ला, अमेरिकेत जी.आय. बिल नावाचा कायदा झाला. महायुद्धात गेलेल्या शिपायांचं शिक्षण तुटलं होतं. सरकारने म्हटलं, तुमची वर्षं देशाच्या कामात गेली, आता कॉलेजात जा, फी आम्ही भरतो, घरखर्चाला पैसे देतो. बावीस लाखांच्या आसपास माणसं त्या पैशावर कॉलेजात गेली. म्हणजे खंड पडला म्हणून स्कॉलरशिप काढली नाही, खंड पडला म्हणूनच स्कॉलरशिप दिली. हे होऊ शकतं. एका देशाने करून दाखवलं.

पण त्याच कायद्याने काळ्या शिपायाला काय दिलं? कायद्यात कुठेही काळा-गोरा लिहिलेलं नव्हतं. अंमल मात्र गावोगावच्या कचेऱ्यांच्या हातात होता, आणि दक्षिणेतल्या कचेऱ्यांतले गोरे बाबू काळ्या शिपायाला परत पाठवत होते. बरीच कॉलेजंही त्यांना घेत नव्हती. कायदा वॉशिंग्टनला, खिडकी मिसिसिपीत. सेमाडोहच्या पोरीला हे नव्याने समजावून सांगायची गरज नाही. दिल्लीचा नियम घाट चढून येईपर्यंत खिडकीवरच्या माणसाचा नियम होतो. म्हणून आपल्याला दोन्हीकडे लढायचंय. नियम वाईट आहे तिथे नियमाशी, आणि नियम बरा आहे तिथे खिडकीशी.

आमच्या मागण्या चार आहेत.

एक. मार्कांनी मिळालेली स्कॉलरशिपची पात्रता बारावी पास झाल्यापासून चार वर्षं जिवंत राहिली पाहिजे. त्या वर्षीच्या यादीत जो बसला तो चार वर्षांत कधीही कॉलेजात गेला तरी त्याला ती मिळाली पाहिजे. चार हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही, तो कुठून आला ते वर लिहिलं आहे. सरकार म्हणेल, बजेट वर्षाचं असतं. असू दे. ज्या वर्षी कॉलेजात जाईल त्या वर्षीच्या बजेटातून द्या. जुनी यादी कपाटात ठेवायला किती खर्च येतो?

दोन. गॅपला मजुरी हे कारण मान्य करा. रोजगार हमीचं जॉब कार्ड, मुकादमाची चिठ्ठी, नाही तर नुसतं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरे झालं पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला, आणि दाखल्यांसाठी पोरांना लुटणं सुरू झालं. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांना जाहीर करावं लागलं की सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही. अजूनही कुणी पाचशेचा स्टॅम्प मागत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

तीन. स्कॉलरशिप नाकारायची असेल तर लेखी नाकारा. नियमाचा क्रमांक, तारीख, सही, शिक्का. तोंडी नकार बंद. आमचा अनुभव असा की लिहून द्या म्हटलं की निम्मे नकार जागच्या जागी विरघळतात.

चार. मेरिट म्हणून जे देता ते माणसाला देतात तेवढं तरी द्या. या राज्यात शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता स्कॉलरशिप आहे. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर मार्क घेतलेल्या अनुसूचित जातीच्या पोराला अकरावी-बारावीत महिना ३०० रुपये, दहा महिने. वर्षाचे ३,०००. ज्या राजाने १९०१ पासून कोल्हापुरात पोरांसाठी वसतिगृहं उघडली, त्याच्या नावाने दिवसाला दहा रुपये! सेमाडोहहून परतवाड्याला एकदा जाऊन आलं तरी ते उरत नाहीत.

मागण्या पूर्ण होईपर्यंत पोरांनी काय करायचं? तेही लिहितो, कारण नुसत्या घोषणांनी कुणाचा फॉर्म भरला जात नाही.

वर्ष थांबायची पाळी आलीच तर शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही मार्कशीटा, जातीचा दाखला, पडताळणीचे कागद घरात ठेवा. मुकादमाकडे, ठेकेदाराकडे, क्लासवाल्याकडे मूळ कागद गहाण ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला त्या वर्षीचा नवा काढा. आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे का ते जूनच्या आधी बघा. गॅप लपवायला कुठेतरी नावापुरतं ॲडमिशन घेऊन ठेवू नका. स्कॉलरशिप उचलून शिक्षण मधेच सोडलं तर पैसे परत मागायचा अधिकार पोस्ट-मॅट्रिकच्या २०१० च्या नियमावलीने राज्य सरकारला दिला होता. कोर्स किंवा कॉलेज न विचारता बदललं तरी अडचण होते. खोट्या ॲडमिशनपेक्षा खरा गॅप बरा. खऱ्या गॅपला कागद मिळतो, खोट्या ॲडमिशनला नोटीस मिळते. खिडकीवर नकार मिळाला तर साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि विचारा, कोणत्या नियमाने नाकारलं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला दहा रुपयेही लागत नाहीत.

सेमाडोहच्या पुढचं हरिसाल २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या मदतीने डिजिटल गाव म्हणून पेपरात गाजलं. या आठवड्यात मी इथल्या पोरांना ओटीपी यावा म्हणून मोबाइल वर धरून रस्त्याच्या चढावर उभं राहिलेलं पाहिलं. ज्यांच्या हातात दिवसभर नेटवर्क असतं त्या मुंबई, पुणे, नागपूर, अमरावतीच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. तुम्ही एका रात्रीत शंभर पोस्टी फिरवता. एका रात्रीत दहा फॉर्म भरून द्या. ते विद्रोहात बसतं.

आणि आता आपल्याच लोकांना दोन शब्द. चौदा एप्रिलला डीजेला वर्गणी गोळा होते, तिचा हिशेब मंडळ ठेवतं. त्याच गल्लीत बारावी होऊन कोण घरी बसलंय, का बसलंय, त्याचा हिशेब कोण ठेवतं? पुढारी मेरिटवाल्या पोरांचे सत्कार करतात. शाल, नारळ, फोटो. सत्कार झाला की वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि पुढच्या सत्काराला तो पोरगा त्याच मंडपाच्या खुर्च्या उचलायला असतो. अशा सत्कारावर आम्ही थुंकतो. शाल नको, त्याला फॉर्मची शेवटची तारीख सांगा.

आणि पोरापोरींनो, तुम्हीही मान खाली घालू नका. "गॅप आहे" हे तुम्ही चोरी केल्यासारखं हळू आवाजात सांगता, तिथेच बाबू जिंकतो. ताठ मानेने सांगा: वर्षभर घर चालवलं. बाप जगवला. कर्ज फेडलं. आता शिकायला आलोय, मार्क हे बघा. खंड पडला, मार्क पडले नाहीत.

जून आला की वस्तीतल्या, पाड्यातल्या प्रत्येक बारावी झालेल्याच्या दारात जा. जो घरी बसलाय त्याला उठवा, जो कामावर गेलाय त्याचा पत्ता काढा, जी परत पाठवली गेली तिच्यासोबत त्याच खिडकीवर दहा जण जा आणि लेखी मागा. आपण खंड भरायचे दिवस संपले. आता वसुली आपली.

जयभीम!